नफा कंपनीचा, जोखीम रयतेची : थळ घाटातून दिसणारा खासगी रेल्वेचा इतिहास

#थ्रेड

१/
रेल्वेचे खासगीकरण व्हावे की नाही, हा वाद आपल्याकडे भविष्याविषयीचा वाद म्हणून मांडला जातो. प्रत्यक्षात भारतातील रेल्वेची सुरुवातच खासगी कंपन्यांनी झाली. नाशिक जिल्ह्यातून जाणारा मुख्य लोहमार्ग सुमारे अर्धशतक लंडनमधील भागधारकांच्या मालकीचा होता. त्या काळाचा ताळेबंद इगतपुरी, नाशिक रोड आणि मनमाड या तीन स्थानकांच्या आधाराने मांडता येतो.

२/
ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, अर्थात जीआयपी, ही कंपनी १ ऑगस्ट १८४९ रोजी ब्रिटिश संसदेच्या कायद्याने स्थापन झाली. त्याच महिन्यात तिचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. पुढील शंभर वर्षांच्या रेल्वे-राजकारणाचे बीज या करारात आहे. त्याची कलमे रुक्ष असली तरी लोखंडी रुळांपेक्षा टिकाऊ ठरली.

३/
पहिले महत्त्वाचे कलम हमीचे. कंपनीने गुंतवलेल्या भांडवलावर ५ टक्के व्याज मिळेल, याची हमी सरकारने दिली. म्हणजे १०० रुपयांच्या भांडवलावर रेल्वेने ३ रुपयेच कमावले, तर उरलेले २ रुपये हिंदुस्थानच्या महसुलातून भरायचे. कमाई ५ रुपयांच्या वर गेली, तर वरच्या नफ्यातील निम्मा भाग सरकारने आधी भरलेल्या व्याजाच्या फेडीला जायचा आणि निम्मा भागधारकांना मिळायचा.

४/
दुसरे कलम जमिनीचे : ती सरकारने विनामूल्य द्यायची, ९९ वर्षांच्या मुदतीने. तिसरे कलम परतीच्या वाटेचे : कंपनीला धंदा नकोसा झाला, तर सहा महिन्यांची सूचना देऊन तिने रेल्वे सरकारच्या हवाली करावी आणि घातलेले भांडवल परत घ्यावे. चौथे कलम सरकारच्या खरेदीच्या हक्काचे : २५ किंवा ५० वर्षांनी सरकार रेल्वे विकत घेऊ शकेल.

५/
या कराराकडे केवळ लबाडी म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. सात समुद्रांपलीकडच्या अनोळखी देशात, पूर्वानुभव नसलेल्या धंद्यात पैसा घालायला लंडनचा गुंतवणूकदार हमीशिवाय तयार नव्हता. लॉर्ड डलहौसीला लष्कर, टपाल आणि कापूस वेगाने हलवायचा होता. हमी दिली म्हणून भांडवल आले, हे खरे. मात्र त्या हमीखाली सही करणारा एक पक्ष होता आणि तिची किंमत मोजणारा दुसराच. हिंदुस्थानच्या रयतेला कोणी विचारलेच नव्हते.

६/
१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. पुढे रूळ कल्याणमार्गे कसाऱ्यापर्यंत आले आणि सह्याद्रीने वाट अडवली. घाटमाथ्यावरचे काम मात्र थांबले नव्हते. १८६१मध्ये इगतपुरीहून नाशिकपर्यंत आणि त्याच वर्षी पुढे चाळीसगावपर्यंत रेल्वे सुरू झाली. मुंबईचा रूळ कसाऱ्याला आणि नाशिकचा रूळ इगतपुरीला : मधली चढण चार वर्षे प्रवाशांना आणि मालाला रस्त्याने ओलांडावी लागे.

७/
थळ घाटातील मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. दर ३७ फुटांमागे १ फूट चढ, डोंगर पोखरून काढलेले बोगदे आणि एहेगावजवळचा १८२ फूट उंचीचा पूल अशी ती कामगिरी होती. कंपनीचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली हे काम पूर्ण झालेले पाहायला जिवंत नव्हता. १८६२मध्येच त्याचा मृत्यू झाला. आजही कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिने जोडली जातात. रेल्वेच्या बोलीत त्यांना ‘बँकर’ म्हणतात.

८/
घाटाचे प्रत्यक्ष काम कंपनी करीत नव्हती. कंपनी ठेकेदार नेमी, ठेकेदार पोटठेकेदार नेमी आणि शेवटच्या पायरीवर मजूर उभा असे. थळ घाटाचे जुळे भावंड असलेल्या भोर घाटात १८५९च्या आरंभी थकलेल्या मजुरीवरून दंगल उसळली. त्यानंतर १८६०मध्ये मालक आणि कामगार यांच्या मजुरीच्या तंट्यांसाठी कायदा करावा लागला. मजुरीचा धोका साखळीतून खाली सरकत सर्वांत दुर्बलाच्या पदरात पडतो, हा धडा पावणेदोनशे वर्षांपूर्वीचाच आहे.

९/
आता खर्चाकडे. हमी भांडवलाच्या रकमेवर होती. जितके भांडवल अधिक, तितके हमीचे व्याज अधिक. काटकसर करण्याचे कारणच उरले नाही. आरंभी मैलामागे सुमारे ८,००० पौंड खर्च येईल असे धरले होते. हमीच्या मार्गांवर प्रत्यक्ष खर्च त्याच्या दुपटीहून अधिक झाला. हिंदुस्थानचे माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२मध्ये ब्रिटिश संसदीय समितीपुढे साक्ष देताना कबूल केले की, व्याज पक्के असल्यावर आपला पैसा विटाचुन्यात गेला की हुगळीच्या पात्रात, याचे सोयरसुतक गुंतवणूकदाराला नव्हते.

१०/
पैसा खर्च झाला म्हणून काम चोख झाले, असेही नाही. भोर घाटातील एक मोठा दगडी पूल १८६७च्या पावसाळ्यात कोसळला. त्यानंतर जीआयपीच्या एकूण दगडी बांधकामाविषयीच शंका उपस्थित झाल्या आणि अनेक पुलांची डागडुजी व पुनर्बांधणी करावी लागली. बाजारातील सामान्य कंपनीला अशा चुकीची झळ बसली असती. येथे भागधारकाचे ५ टक्के अबाधित राहिले.

११/
सरकारातील जाणत्यांना हे दिसत होते. १८६९मध्ये व्हाइसरॉय जॉन लॉरेन्सने नफा कंपन्यांना आणि तोटा सरकारला, या व्यवस्थेवर टीका करून यापुढे सरकारनेच रेल्वे बांधावी, असे सुचवले. धोरण तसे बदललेही. पण जुन्या करारांचे काय? जीआयपी विकत घेण्याचा सरकारचा पहिला हक्क २५ वर्षांनी, म्हणजे १८७४च्या सुमारास येणार होता. लंडनमधील भारतमंत्र्याने १८७०च्या सुमारास तो सोडून दिला.

१२/
या सोडणुकीच्या बदल्यात सरकारला वरकड नफ्यातील निम्मा वाटा मिळाला आणि कंपनीकडून येणे असलेली व्याजाची जुनी थकबाकी माफ झाली. कलकत्त्याच्या सरकारचा याला विरोध होता. निर्णय लंडनमध्ये झाला. वर्षे तोट्याची होती तोवर ती तिजोरीने सोसली. नाशिक, खानदेश आणि वऱ्हाडचा कापूस व धान्य वाहून मार्ग फायद्यात येऊ लागला, नेमका तेव्हा खरेदीचा हक्क आणखी २५ वर्षे लांबणीवर पडला.

१३/
याच सुमारास दख्खनवर १८७६–७८चा दुष्काळ कोसळला. नगर जिल्ह्याचा मोठा भाग लोहमार्गापासून दूर होता. त्या प्रदेशातून धोंड म्हणजे आजचे दौंड ते मनमाड असा सुमारे २३५ किलोमीटरचा मार्ग सरकारने स्वतः बांधला. त्याच्या मातीकामावर दुष्काळग्रस्त मजूर लावले गेले आणि १८७८मध्ये तो खुला झाला. नफ्याच्या हिशेबात न बसणारा हा मार्ग गरजेच्या हिशेबात बसला. पुढे तो चालवायला जीआयपीकडेच गेला, हेही लक्षात घ्यावे.

१४/
त्यामुळे मनमाडच्या फलाटांवर दोन प्रकारच्या रेल्वे एकमेकींना भेटतात. मुंबई–भुसावळ मार्ग हमीच्या भांडवलातून उभा राहिला, तर दौंड–मनमाड मार्ग दुष्काळाच्या भीतीतून. म्हणून सरकारने बांधलेली रेल्वे आपोआप जनहिताची ठरते असे नाही. ज्या गाडीने धान्य दुष्काळी भागात येऊ शकते, त्याच गाडीने ते अधिक भाव देणाऱ्या बाजारात जाऊही शकते. कोणत्या दिशेला स्वस्त दर लावायचा, हे ज्याच्या हाती, त्याच्या हाती रेल्वेचा परिणाम.

१५/
दरांचा हाच प्रश्न भारतीय नेत्यांनी पुढे उचलला. बंदराकडे जाणाऱ्या कच्च्या मालाला आणि बंदराकडून येणाऱ्या विलायती मालाला सवलतीचे दर, तर देशांतर्गत एका गावाहून दुसऱ्या गावी जाणाऱ्या मालाला चढे दर, अशी तक्रार वारंवार झाली. दादाभाई नौरोजी, न्यायमूर्ती रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी यांच्या आर्थिक लेखनात रेल्वेचा खर्च, तिचे दर आणि तिच्या पैशाचा परदेशी ओघ हे विषय पुन्हा पुन्हा येतात. गोपाळ कृष्ण गोखले विचारीत की, रेल्वेवर इतका पैसा आणि पाटबंधारे व शिक्षणावर इतका थोडा का?

१६/
विनिमयदराचे एक कलमही तिजोरीला जड गेले. करारात रुपयाचा दर २२ पेन्स धरला होता. चांदी घसरली आणि १८९०च्या दशकात बाजारातील रुपया १३ ते १५ पेन्सांपर्यंत आला. कंपनीची कमाई रुपयांत, हिशेब पौंडांत. आणि जुन्या दराने हिशेब मांडल्यामुळे पडणारी तूट सरकारच्या खाती. करार करताना क्षुल्लक वाटलेले कलम चाळीस वर्षांनी लाखोंचे ठरले.

१७/
अखेर ५० वर्षांची मुदत भरली आणि १९००मध्ये सरकारने जीआयपी विकत घेतली. किंमत कशी ठरली? आधीच्या तीन वर्षांतील भागांच्या सरासरी बाजारभावाने. हा बाजारभाव दर्शनी किमतीच्या पावणेदोनपटीच्या आसपास होता आणि एकूण रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली. भाग इतका महाग होण्याचे एक मोठे कारण म्हणजे सरकारची हमी. आपल्याच हमीने फुगलेली किंमत सरकारने मोजली. ती एकरकमी दिली नाही. वार्षिक हप्त्यांची मुदत १९४८पर्यंत होती. म्हणजे इंग्रजांचे राज्य आधी संपणार होते, हप्ते नंतर.

१८/
मालकी बदलली तरी कारभार बदलला नाही. नव्या कराराने गाड्या चालवण्याचे काम त्याच नावाच्या कंपनीकडे राहिले आणि संचालक लंडनमध्येच बसत राहिले. पहिल्या महायुद्धात रेल्वेवर ताण आला, डबे आणि इंजिने झिजली, तिसऱ्या वर्गाची दैना झाली. गांधीजींनी १९१७मध्ये त्या दैनेवर लिहिलेली पुस्तिका प्रसिद्ध आहे. उत्पन्नाचा मोठा हिस्सा देणारा हाच प्रवासी सोयींच्या यादीत शेवटी होता.

१९/
१९२०मध्ये सर विल्यम ॲकवर्थ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. व्यवस्थापन सरकारने करावे की कंपन्यांनी, यावर तिच्या दहा सदस्यांची पाच-पाच अशी विभागणी झाली. अध्यक्षांनी सरकारी व्यवस्थापनाची बाजू घेतली. मध्यवर्ती विधिमंडळातील भारतीय सदस्यांनीही तोच आग्रह धरला. १९२५च्या मध्यावर जीआयपी सरकारी व्यवस्थापनाखाली आली. त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला मुंबईत विजेवर चालणारी पहिली गाडी धावली, तेव्हा मात्र कारभार कंपनीकडेच होता. कंपनीच्या खाती ही नोंदही प्रामाणिकपणे घालायला हवी.

२०/
सरकारी झाली म्हणून रेल्वे न्यायी झाली का? याचे उत्तर पुन्हा मनमाडलाच मिळते. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी तेथे जीआयपी रेल्वेतील दलित कामगारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, ही त्यांची सुप्रसिद्ध मांडणी याच परिषदेतली.

२१/
बाबासाहेबांनी तेथे रेल्वेतील वस्तुस्थिती मांडली. दलित कामगार बहुतांशी गँगमन म्हणून रुळांवर राबतो. त्याला साधा पोर्टरही होता येत नाही. कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेतो आणि सवर्णाच्या घरात दलिताला प्रवेश नाही. सरकारी कारभार सुरू होऊन साडेबारा वर्षे उलटली होती. मालक बदलला, पण जातीची उतरंड जागच्या जागी होती. ती हलू लागली ती संविधानातील राखीव जागांच्या तरतुदीमुळे. आणि ही तरतूद शासनाच्या नोकऱ्यांना लागू होते, खासगी चालकाच्या नव्हे.

२२/
५ नोव्हेंबर १९५१ रोजी जीआयपी मध्य रेल्वेत विलीन झाली. विदर्भातील यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही नॅरोगेज ‘शकुंतला’ मात्र राष्ट्रीयीकरणातून सुटली. तिची मालकी कंपनीकडे आणि गाडी चालवणारी मध्य रेल्वे, अशी जुनी व्यवस्था स्वतंत्र भारतातही कित्येक दशके टिकली. तिच्या दुरवस्थेची जबाबदारी नेमकी कोणाची, हे त्या भागातील प्रवाशाला कधीच नीट कळले नाही. मालकी आणि जबाबदारी यांची फारकत झाली की रूळ गंजतात.

२३/
राष्ट्रीय रेल्वेचा हिशेबही निर्दोष नव्हे. गर्दी, विलंब, राजकीय सोयीने सुरू झालेल्या गाड्या, वर्षानुवर्षे रेंगाळलेले मार्ग ही तिची खरी दुखणी आहेत. प्रवासभाड्यातून खर्च निघत नाही. सरासरी ५७ टक्केच वसूल होतो, असे रेल्वेने काही वर्षांपूर्वी तिकिटांवरच छापले होते. उरलेली तूट मुख्यतः मालवाहतूक भरून काढते. १९७५पासून धावणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसने मासिक पासावर मुंबईला नोकरीसाठी जाणारा नाशिककर याच हिशेबावर उभा आहे. मालगाड्यांचा फायदा वेगळा काढला, तर त्याच्या पासाचे काय, हा प्रश्न भावनेचा नसून बेरजेचा आहे.

२४/
इतर देशांचा अनुभव काय? ब्रिटनने १९९३च्या कायद्याने रेल्वेचे तुकडे करून विकले. प्रवासीसंख्या पुढील पंचवीस वर्षांत दुपटीहून अधिक वाढली, हे खरे. पण रुळांची मालक ‘रेलट्रॅक’ कंपनी ऑक्टोबर २०००च्या हॅटफील्ड अपघातानंतर कोलमडली. फुटलेल्या रुळाने ४ प्रवाशांचे बळी घेतले होते. वर्षभरात ती दिवाळखोरीच्या दारात गेली आणि रूळ पुन्हा सार्वजनिक संस्थेकडे आले. २०२४मध्ये प्रवासी गाड्याही सार्वजनिक मालकीत आणण्याचा कायदा झाला.

२५/
जपानचे उदाहरण यशाचे म्हणून दिले जाते आणि ते बऱ्याच अंशी योग्य आहे. १ एप्रिल १९८७ रोजी तेथील राष्ट्रीय रेल्वेच्या सहा प्रवासी आणि एक मालवाहतूक कंपनी झाल्या. टोकियो–ओसाकाच्या दाट वस्तीतील कंपन्या भरभराटीला आल्या. परंतु होक्काइदो आणि शिकोकू या विरळ वस्तीच्या बेटांवरील कंपन्या तोट्यातच राहिल्या आणि जुन्या प्रचंड कर्जाचा मोठा हिस्सा अखेर करदात्यांच्या अंगावर पडला. फायद्याचे मार्ग बाजार सांभाळतो. तोट्याच्या मार्गांसाठी कोणाला तरी शासनाचे दार ठोठवावे लागते.

२६/
भारतात जुलै २०२०मध्ये १०९ मार्गजोड्यांवर १५१ खासगी गाड्या चालवण्यासाठी प्रस्ताव मागवले गेले. सुमारे ३०,००० कोटी रुपयांची गुंतवणूक अपेक्षित होती. वर्षभराने बोली उघडल्या तेव्हा दोनच बोलीदार उरले होते आणि त्यातील एक रेल्वेचीच आयआरसीटीसी. योजना बारगळली. १८४९चा लंडनचा गुंतवणूकदार आणि एकविसाव्या शतकातील उद्योगसमूह यांच्यात एक साम्य दिसते : जोखीम पूर्णपणे आपल्या शिरावर असेल, तर रेल्वेचे आकर्षण झपाट्याने ओसरते.

२७/
त्याच उन्हाळ्यानंतर, ७ ऑगस्ट २०२० रोजी, देशातील पहिली किसान रेल्वे नाशिकजवळच्या देवळालीहून बिहारमधील दानापूरला निघाली. पुढे फळे आणि भाजीपाला यांच्या वाहतुकीवर ५० टक्के अनुदान दिले गेले. छोट्या शेतकऱ्याची थोडी पेटी उचलणारी अशी गाडी केवळ नफ्याच्या हिशेबात चालणे अवघड. ती चालवायची की नाही, हा निर्णय लोकनियुक्त सरकारला विचारता येतो. भागधारकांच्या सभेत त्याला स्थान नसते.

२८/
जीआयपीच्या ७५ वर्षांच्या इतिहासाचे सार काढायचे, तर मालकाच्या नावापेक्षा कराराची कलमे अधिक बोलकी आहेत. तोटा कोणी सोसायचा? दर कोणी ठरवायचे? पूल पडला तर जाब कोणाला विचारायचा? परत घ्यायची वेळ आली, तर किंमत कोणत्या मापाने? नोकरीची दारे कोणाला उघडी? १८४९च्या करारात या प्रश्नांची उत्तरे होती. ती ज्यांच्या पैशाने दिली गेली, त्यांच्यासमोर मात्र कधी वाचली गेली नाहीत.

२९/
म्हणून उद्या रेल्वेचा एखादा भाग खासगी हाती देण्याचा प्रस्ताव आला, तर ‘खासगी म्हणजे कार्यक्षम’ आणि ‘सरकारी म्हणजे जनहिताचे’ या दोन्ही घोषणा बाजूला ठेवून आधी करार मागावा, तो मराठीत मागावा आणि त्यातले हमीचे कलम सर्वांत आधी वाचावे. थळ घाट चढताना गाडीला मागून जोर कोण लावते, हे डब्यात बसलेल्याला दिसत नाही. १८६५पासून कित्येक दशके तो जोर हिंदुस्थानच्या रयतेने लावला. पुढच्या वेळी तो कोण लावणार, हे सही होण्यापूर्वी माहीत असलेले बरे.

(समाप्त)